चकाकी आणि डिकी

या वर्षी कापूस विकल्यावर कॉलेजला येण्याजाण्यासाठी मला गाडी घ्यायचे घरी ठरले आणि वादाला तोंड फुटले. मला क्रोमचे चकाकते आरसे नि मडगार्ड असलेली मोटारसायकल हवी. बाबांचा पहिला प्रश्न, "सामान कुठी ठेवशीन?" मी हसलो. मग अंगणातल्या त्यांच्या जुन्या चेतककडे लक्ष गेले.

चेतक १९७२ पासून पुण्याजवळ आकुर्डीत बनू लागली. घडण इटलीच्या व्हेस्पाची. नाव मात्र राणा प्रतापांच्या घोड्याचे! दोन्ही चाके एकाच मापाची, म्हणून एकच स्टेपनी पुढे-मागे चाले. वणीच्या रस्त्यावर पंक्चर झाले की बाबा पान्याने नट सोडवीत आणि थोड्या वेळात आम्ही पुन्हा वाटेला लागत असू. डिकीत डबा, पुढे पायांशी खताची गोणी, मागे आई. लहान चाके मारेगावच्या खड्ड्यांत आपटत, हेही खरे. (कधी कधी तिला एका अंगाला कलती करून विनवावे लागे, हे बाबा सांगत नाहीत.)

क्रोमला मी नावे ठेवीत नाही. खालच्या निकेलसह तो पातळ थर लोखंडाला गंजापासून राखतो; ती शोभाही कामाचीच. परंतु आता पुष्कळदा तो मुलामा प्लास्टिकवर असतो. प्लास्टिकला गंज कुठला? तेथे उरते निव्वळ चकाकी, आणि तिचे पैसे कापसातून जायचे.

पुढच्या आठवड्यात वणीला गाडी पाहायला जाऊ, तेव्हा पुस्तकांची भरलेली थैली मी बरोबर नेणार आहे.