बॅग भरण्याआधी आईला विचारा!
फ्रेंड्स, माझ्या मैत्रिणीला ॲमस्टरडॅमचा जॉब लागला. पार्टी झाली, शॉपिंग सुरू! पण तिथल्या नगरपालिकेत नोंदणीला जन्मदाखला लागतो, तोही अपोस्टिल केलेला. पुण्यात वाढलेल्या मॅडमची जन्मनोंद मात्र बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईजवळच्या आजोळच्या ग्रामपंचायतीत. पहिलं बाळंतपण माहेरी ना! रात्रीच्या एसटीने गाव गाठलं. रजिस्टरमध्ये नोंद सापडली, खबर देणाऱ्या आजोबांच्या सहीसकट, पोरगी रडलीच. पण पासपोर्टवर जन्मस्थळ चक्क पुणे! (शाळेच्या दाखल्याची कृपा.) म्हणजे आधी पासपोर्टमध्ये दुरुस्ती, मग दाखल्यावर राज्य सरकारचं प्रमाणीकरण, शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. भारत २००५ पासून त्या करारात आहे, म्हणून वकिलातीची एक चक्कर तरी वाचते. जॉइनिंगला सहा आठवडे उरलेत आणि बॅग अर्धी भरून तशीच पडलीये.