गृहपाल की द्वारपाल?

वसतिगृहाचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती गळक्या छपराची, ताटातल्या पोळीची आणि वेळेवर न येणाऱ्या निर्वाहभत्त्याची. या गोष्टी क्षुल्लक आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्या एका माणसाच्या सहीवाचून यांतले काहीच हलत नाही, त्या गृहपालाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. वाचकहो, जळगाव आणि धुळे येथे शिकत असलेल्या आपल्या मुलामुलींचे भवितव्य प्राध्यापकांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, या माणसाच्या हाती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९९० साली जळगावास स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्यापूर्वी खानदेशच्या विद्यार्थ्याला पुणे विद्यापीठाकडे तोंड करून बसावे लागे. विद्यापीठ जवळ आले हे खरे; परंतु धडगावच्या पाड्यावरून किंवा साक्रीच्या खेड्यावरून जळगाव-धुळे जवळ आले असा त्याचा अर्थ नव्हे. घरात पावरी किंवा अहिराणी बोलणारा मुलगा शहरात येतो, तेव्हा वर्गात तो पाच तास असतो; उरलेले एकोणीस तास तो वसतिगृहात असतो. रात्री दोन वाजता ताप चढला तर त्याने कोणाला उठवावे? शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उद्या संपते हे त्याला कोणी सांगावे? शेजारच्या खाटेवरचा मुलगा जात काढून बोलला तर त्याने कोणाकडे जावे? या प्रश्नांचे उत्तर म्हणजे गृहपाल. आणि जेथे गृहपालाचे पद 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून दुसऱ्याच कार्यालयातील इसमाच्या गळ्यात बांधलेले असते, तो आठवड्यातून दोनदा येऊन हजेरीपटावर सह्या करून जातो, तेथे खरा गृहपाल दारावरचा रखवालदारच होऊन बसतो.

यावर काही शहाणे असे सुचवितात की, वसतिगृहांची ही कटकट हवीच कशाला? विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे टाका म्हणजे झाले! वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी शासनाने २०१७ मध्ये बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना काढली. प्रारंभी तिची रक्कम शहरानुसार वर्षाला ४३ हजार ते ६० हजार रुपये होती. ज्याला खाटच मिळाली नाही त्याला तिचा आधार झाला. तिला आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो तिच्या आडून वसतिगृहच अनावश्यक ठरविण्याला. पैसे खिशात असले तरी खोली मिळावी लागते, आणि घरमालकाचा पहिला प्रश्न 'आडनाव काय?' हा असतो. दुसरा प्रश्न स्वयंपाकाविषयी. तिसरा विचारण्याची गरज त्याला पडत नाही. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांत खाणावळीऐवजी खात्यात पैसे देण्याचे धोरण आले, तेव्हा त्याविरुद्ध मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. त्यांना कळले ते सचिवालयाला कळले नाही: बँकेच्या खात्याला आजारी मुलाच्या उशाशी बसता येत नाही.

दुसरा वर्ग उपकाराची भाषा बोलतो. फुकट राहता, फुकट जेवता, वर तक्रारी करता! या मंडळींनी संविधानाचा अनुच्छेद ४६ वाचावा. दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताची जपणूक हे तेथे राज्याचे कर्तव्य म्हणून नोंदविले आहे. तो दानधर्म नव्हे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास विद्यार्थी वसतिगृह काढले. सभेची स्थापना होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. शाळेच्या आधी खाट लागते हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते.

आता शिस्तीविषयी. आपल्याकडे शिस्त म्हणजे कुलूप. मुलींच्या वसतिगृहात तर संध्याकाळी दार लावले की सुरक्षिततेचे सारे कर्तव्य संपले, अशी समजूत आहे. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. संशय बाहेरच्या कोणावर नव्हता, वसतिगृहाच्याच रखवालदारावर होता. कुलपाने काय राखले?

आणि जळगावकर वाचकांना पायल तडवी हे नाव आठवून देण्याची गरज नाही. तडवी भिल्ल समाजातील ही डॉक्टर मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत असता २२ मे २०१९ रोजी वसतिगृहात मरण पावली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, आरोपपत्र दाखल झाले. आपण आधीच तक्रार केली होती, असे तिच्या आईने सांगितले. गुन्ह्याचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. आपला प्रश्न वेगळा आहे: वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचे ऐकून घेण्यासाठीच नेमलेला माणूस या देशातील किती वसतिगृहांत असतो? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ मध्येच नोंदविले होते की, त्रासापायी अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहातील ठराविक मजल्यांवर एकवटले होते. खोल्यांची ही वाटणी कोणाच्याच लक्षात आली नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

तक्रार करणाऱ्याच्या हाती मात्र प्रवेश रद्द झाल्याची चिठ्ठी पडते. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला व त्याचे चार सहकारी यांना २०१५ मध्ये वसतिगृहातूनच काढले होते. जानेवारी २०१६ मध्ये रोहितचा मृत्यू झाला. ग्रामीण विद्यार्थ्याला खोलीतून काढणे म्हणजे महाविद्यालयातून काढणेच होय. अमेरिकेत अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे १९६० साली काही कृष्णवर्णी विद्यार्थी गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन बसले, म्हणून त्यांच्या सरकारी महाविद्यालयाने त्यांना काढून टाकले. १९६१ मध्ये अपील न्यायालयाने ठरविले की, नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून असे करता येणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये परीक्षेतील गैरप्रकाराच्या एका प्रकरणात तेच तत्त्व विद्यार्थ्यांना लागू केले. कोणी म्हणेल, मग छळ झालेल्या मुलींनी उलटतपासणीला उभे राहावे काय? मुळीच नाही. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मुलींच्या वसतिगृहासंबंधीच्या प्रकरणात १९७३ साली न्यायालयाने तोही मार्ग दाखविला आहे: आरोप कळवा, उत्तर घ्या, साक्षीदार मुलींना समोरासमोर उभे करू नका. हे दोन निवाडे ज्याने वाचलेले नाहीत, त्याच्या हाती हकालपट्टीची लेखणी देऊ नये. तो गृहपाल आपल्याच समाजाचा असला तरीही; कारण खुर्चीत बसताच खानदेशातील जुन्या पाटलांचा रुबाब करणारे आपल्यातही आहेत, आणि आपले पदवीधर तरुण या पदाला कमी प्रतीचे समजून ते मोकळे सोडतात म्हणूनच त्यांचे फावते.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी त्या दिवशी आपण हजारोंनी तेथे जातो. वसतिगृहांचे प्रवेशही त्याच दिवसांत चालू असतात. येत्या ३१ जुलैला परतताना वाचकांनी धुळ्यातील कोणत्याही एका शासकीय वसतिगृहाचे दार ठोठवावे, आणि जळगावकरांनी आपल्या शहरातील. गृहपाल तेथेच राहतो काय? त्याच्याकडे आणखी कोणते पद आहे? गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांना काढले, आणि त्यांतील किती जणांना आधी लेखी नोटीस दिली? तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली समाजकल्याण कार्यालयाकडे अर्ज करावा. अर्जाची फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तीही नाही. आणि उत्तरास कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे.