घरचं यंत्र, घरचा मंत्र : कॅमेरा अचानक मान टाकतो तेव्हा

उत्तरायण आटोपलं की दरवर्षी मला हा प्रश्न येतो. "नवे सेल घातले, तरी दोन फोटो काढून कॅमेरा बंद! आता टाकून द्यायचा का?" यंदा दांडिया बाजारातल्या एक आजी असाच कॅमेरा घेऊन आल्या. आत त्यांच्या यजमानांचे शेवटच्या सहलीचे फोटो. कॅमेरा गेला म्हणजे फोटोही गेले, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

तसं नसतं. फोटो कार्डावर असतात आणि वीज नसली तरी ते तिथेच राहतात. म्हणून पहिलं काम म्हणजे कार्ड काढून कार्ड रीडरने कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. 'फॉरमॅट करू का?' असं कॅमेऱ्याने विचारलं तर 'नाही' म्हणायचं. आजींचे सगळे फोटो दहा मिनिटांत मिळाले. कॅमेऱ्याकडे आम्ही नंतर वळलो.

आता दोष शोधू. सोप्याकडून अवघडाकडे जायचं.

१. सेल. साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो, पण फ्लॅश, झूम आणि पडदा एकदम जास्त करंट ओढतात तेव्हा तो झपकन खाली येतो. कॅमेऱ्याला वाटतं, सेल संपले. तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे कित्येक महिने चालतात! निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असूनही इथे जास्त टिकतात, कारण ते जोराचा करंट देऊ शकतात. जुने-नवे सेल एकत्र घालू नका.

२. पत्र्या आणि स्प्रिंग. आजींच्या कॅमेऱ्यात दोष इथेच होता. गळलेल्या सेलचा पांढरा थर स्प्रिंगवर बसला होता. कानकाडीला किंचित व्हिनेगर लावून तो पुसला, मग कोरड्या कापसाने टिपलं आणि पूर्ण वाळू दिलं. नुसता काळपटपणा असेल तर खोडरबर पुरतं.

३. झाकण. पुष्कळ कॅमेऱ्यांत झाकणाखाली बारीक स्विच असतो. झाकण ढिलं झालं की कॅमेरा बंद. अंगठ्याने झाकण दाबून धरून चालू करा. चालला, तर दोष सापडला.

४. लेन्स. बाहेर येताना करकरून अडकत असेल, तर आत वाळू गेली आहे. जोर लावू नका.

५. सेटिंग. काही मिनिटं हात न लावल्यास आपोआप बंद होणं हा दोष नव्हे. मेनूत ती वेळ वाढवता येते.

लिथियमची चपटी बॅटरी असेल तर ती फुगली आहे का ते पाहा. फुगलेली बॅटरी वापरू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या. थंडीत ती लवकर दम सोडते. केदारनाथला जाणाऱ्यांनी जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेवावी.

एक मात्र बजावून सांगतो, स्क्रू काढून कॅमेरा उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच वेळ राहतात.

आणि कॅमेरा कपाटात ठेवताना सेल बाहेर काढून ठेवा. एवढी सवय लागली, तर यातल्या निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.