भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत अद्यतने थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि ती नसलेले कितीतरी धडधाकट संगणक आपल्या घरांत, शाळांत, वाचनालयांत आहेत. तेवढ्यासाठी ते मोडीत काढावेत, हे आम्हाला पटत नाही. म्हणून हा अंक मुक्तस्रोत प्रणालींचा.

अंक तंत्रज्ञांसाठी नाही. रोज टायपिंग, हिशेब, ईमेल करणाऱ्यांसाठी आहे. लिनक्स मिंट या मुक्तस्रोत प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवरही चालते. ४ जीबी असेल तर काम सुखाचे होते. ती आधी पेनड्राइव्हवरूनच सुरू करा. हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय जोडले जाते का, प्रिंटर ओळखला जातो का, इनस्क्रिप्ट कळफलकाने जोडाक्षरे नीट उमटतात का, सगळे पाहता येते. पत्रे आणि हिशेबांसाठी लिब्रेऑफिस आहेच. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या मराठी मजकुराचा प्रश्न मात्र खरोखर किचकट आहे, त्यामुळे त्याला स्वतंत्र लेख दिला आहे.

तुमच्या जुन्या संगणकावर काय चालले, कुठे अडले, ते मॉडेल आणि रॅमसह आम्हाला जरूर कळवा. निवडक पत्रे पुढच्या अंकात छापू.