पॅड बांधून बसलेली माणसे

धावफलकावर खेळलेल्यांची नावे असतात. जो खेळायला सज्ज होता, पण ज्याची पाळीच आली नाही, त्याची नोंद ठेवण्यासाठी तिथे रकाना नसतो. आम्हा हिशेबनिसांना हे पटकन लक्षात येते. ज्या व्यवहाराला खतावणीत खाते नाही, तो झालाच नाही असे जग मानते.

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा एक शालेय सामना झाला. शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. हा आकडा आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. त्या डावात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून एक मुलगा सीमारेषेबाहेर बसला होता. त्याचे नाव अमोल मुजुमदार. वय १३ वर्षे. समोर विक्रम घडत होता आणि त्याची पाळी काही येत नव्हती.

पुढे तोच मुलगा मुंबईकडून रणजी करंडकात उतरला आणि प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या. पदार्पणातील तो त्या काळचा विश्वविक्रम होता. कारकिर्दीअखेर त्याच्या नावावर प्रथम श्रेणीच्या ११,१६७ धावा आणि ३० शतके जमा होती. २००६-०७ च्या हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. तरीही भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी मधली फळी असताना जागा रिकामी होणार तरी कुठून? २०१४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. पॅड बांधून बसलेल्या त्या मुलाची गोष्ट तिथे संपली, असेच सर्वांना वाटले.

ती संपली नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमोल मुजुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव पत्करलेला हाच संघ होता. सामना संपल्यावर कर्णधार हरमनप्रीत कौरने प्रशिक्षकांच्या पायांना हात लावला, तेव्हा आमच्या घरी दूरचित्रवाणीपुढे बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढेच म्हणाले, "बघ, थांबणाऱ्याला मिळते."

वाचकहो, अण्णांचे हे वाक्य गेले काही आठवडे माझ्या मनात घोळत आहे. ते खरे आहे का?

याच स्पर्धेत शेफाली वर्माची गोष्ट घडली. मूळ पंधराजणींच्या संघात तिला स्थान नव्हते. उत्तम खेळत असलेल्या प्रतीका रावलला दुखापत झाली म्हणून उपांत्य सामन्याच्या तोंडावर तिला बोलावणे आले. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, दोन महत्त्वाचे बळी घेतले आणि सामन्याची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. प्रतीका चाकांच्या खुर्चीतून त्या आनंदात सहभागी झाली. एकीची वाट संपली ती दुसरीची सुरू झाल्यामुळे. इथपर्यंत अण्णांचे म्हणणे खरे वाटते.

पण ३ मार्च २०२५ रोजी पद्माकर शिवलकर गेले. डावखुऱ्या फिरकीने त्यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी मिळवले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात १६ धावांत ८ बळी घेतले होते. त्या काळात बिशनसिंग बेदी भारताचे डावखुरे फिरकी गोलंदाज होते, म्हणून शिवलकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचीही तीच कथा. प्रथम श्रेणीत ७५० बळी आणि कसोट्या शून्य. या दोघांनीही वाट पाहिली आणि कोणाहून कमी पाहिली नाही. पुढे त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला, पण गौरव म्हणजे संधी नव्हे.

म्हणून अण्णांच्या वाक्याला मी एक पुरवणी जोडू इच्छितो. थांबणाऱ्याला मिळते, पण देणारा कोणी असेल तरच. थांबणे हा खेळाडूचा गुण आहे आणि संधी देणे ही निवड समितीची जबाबदारी. संयमाची स्तुती करताना ही जबाबदारी आपण सोयीस्करपणे विसरतो. मैदानाबाहेर बसलेल्याला धीराचा उपदेश करणे सोपे असते, कारण आत कोणाला घ्यायचे हा अवघड निर्णय त्यामुळे पुढे ढकलता येतो.

आता मैदानावरून पेढीवर येतो. कारण आपल्या प्रत्येक दुकानात एक निवड समिती असते. तिची बैठक बहुधा रात्री जेवणानंतर भरते आणि तिचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी आमचे कापडाचे दुकान आहे. दुकान अण्णा आणि काका चालवतात. थोरला दादा खरेदी पाहतो, चुलत भाऊ विक्री पाहतो आणि मी पुण्यात सनदी लेखापाल म्हणून नोकरी करतो. गेल्या २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. हजार रुपयांवरच्या नगाला पूर्वी १२ टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. ऐन नवरात्राचा हंगाम, गिऱ्हाईक दारात आणि एकेका नगाचा दर बदलायचा. काही व्यापारी बंधूंनी त्या आठवड्यात पुण्याला फोन करून मला भंडावून सोडले. आमच्या दुकानातून मात्र एकही फोन आला नाही.

का आला नाही, हे दिवाळीत गावी गेल्यावर कळले. वहिनीने ते सारे काम आधीच उरकले होते. ३ सप्टेंबरला कर परिषदेचा निर्णय जाहीर झाला, तेव्हापासून ती रात्री मुले झोपल्यावर संगणकापुढे बसत होती. कोणता माल कोणत्या टप्प्यात जातो याची यादी तिने केली, जुन्या साठ्याचे टॅग वेगळे काढले आणि अडीच हजारांच्या किंचित वर असलेल्या नगांचे काय करायचे, हा खरा व्यापारी प्रश्न दादापुढे ठेवला. वहिनी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. गेली सात वर्षे दरमहाची विवरणपत्रे तीच भरते. आमचे वृद्ध दिवाणजी अजूनही लाल कापडात बांधलेला रोजमेळ सोडत नाहीत. तेसुद्धा मेळ बसला नाही की वही घेऊन गादीकडे न जाता माजघराकडे येतात आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारतात, "सूनबाई, जरा बघता का?"

याच दिवाळीत काकांनी निवृत्त होण्याची इच्छा बोलून दाखवली. नवे भागीदारीपत्र करायचे ठरले आणि घरचाच लेखापाल म्हणून मसुदा माझ्याकडे आला. अण्णांनी कागदावर तीन नावे लिहून दिली: ते स्वतः, दादा आणि चुलत भाऊ. वहिनीचे नाव नव्हते. मी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "तिला वेगळे कशाला? सगळे तिचेच तर आहे."

हे उत्तर प्रेमाचे आहे, यात मला शंका नाही. आपल्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे आणि देणाऱ्यांनी ते मनापासून दिले आहे. पण "सगळे तुझेच" हे वाक्य कोणत्याही ताळेबंदात लिहिता येत नाही. काकांना कोणी "सगळे तुमचेच" म्हटले नाही. त्यांच्या भांडवलाचा आकडा काढला, नफ्याचा हिस्सा ठरवला आणि निवृत्तीनंतर त्यांना काय मिळेल तेही लिहिले. लिहिले म्हणजे प्रेम कमी झाले असे काकांना वाटले नाही.

अण्णांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. उद्या धंद्यावर संकट आले तर भागीदारांच्या खाजगी मालमत्तेलाही झळ लागते. निदान सुनेचे नाव त्यातून बाहेर राहावे, ही त्यांची काळजी. अशी काळजी वाहणाऱ्या वडीलधाऱ्यांमुळेच आपल्या पेढ्या टिकल्या आहेत, म्हणून मी हा मुद्दा गंभीरपणे घेतला आणि कागद तपासायला बसलो. बँकेच्या सी.सी. लिमिटच्या फाईलमध्ये जामीनदारांची यादी सापडली. राहते घर दादा आणि वहिनी यांच्या संयुक्त नावावर आहे. त्यामुळे जामीनदार म्हणून वहिनीची सही सात वर्षांपूर्वीच झालेली होती.

म्हणजे स्थिती अशी होती. धंदा बुडाला तर तोट्याच्या कागदावर तिचे नाव आहे. धंदा वाढला तर नफ्याच्या कागदावर ते नाही. आम्ही कोणी हे ठरवून केले नव्हते. बँकेने सही मागितली म्हणून ती झाली. हिस्सा कोणी मागितला नाही म्हणून तो दिला गेला नाही.

मी हे अण्णांना सांगितले. वाद घातला नाही, फक्त दोन्ही कागद शेजारी ठेवले. प्राप्तिकर कायद्यात प्रत्यक्ष कामकाज पाहणाऱ्या भागीदाराला वेतन देण्याची आणि ते ठराविक मर्यादेपर्यंत पेढीच्या नफ्यातून वजा करण्याची सोय आहे, हेही समजावले. म्हणजे न्याय केला म्हणून पेढीला भुर्दंड पडेल असेही नाही. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "तिला विचारलेस का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे खरे. वहिनीला विचारले. ती हसून विषय टाळेल अशी माझी अपेक्षा होती. ती हसली नाही. म्हणाली, "भाऊजी, हिस्सा किती तो तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा. पण खरेदीचे ठरते तेव्हा मला बोलवा. माल कोणता पडून राहतो ते मला ठाऊक आहे, आणि ते मला माल आल्यावर विचारतात."

माझ्या वयाच्या तरुण वाचकांना या वाक्याकडे लक्ष द्यावे असे वाटते. आम्हाला वाटते की प्रश्न फक्त पैशांचा किंवा पाटीवरच्या नावाचा आहे. तिने मागितली ती खेळण्याची जागा. धावा झाल्यावर कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. डाव आखताना ज्याचे मत घेतले जाते, तोच संघात असतो.

आणि वडीलधाऱ्या वाचकांना एक नम्र विनंती आहे. एखाद्या रात्री हिशेब झाल्यावर एका कोऱ्या कागदावर दुकानातील कामांची यादी करावी. उधारी कोण वसूल करते, विवरणपत्रे कोण भरते, जुने गिऱ्हाईक कोणाचे नाव घेत येते, दिवाळीची मोजदाद कोण करते. प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे नाव लिहावे आणि त्यापुढे त्याला काय मिळते तेही: हिस्सा, वेतन किंवा निर्णयात आवाज. ज्या नावापुढे तिन्ही रकाने रिकामे राहतील, तो आपल्या घरातील पॅड बांधून बसलेला खेळाडू. तो सून असेल, धाकटा पुतण्या असेल, सासरी गेलेली आणि अजूनही फोनवरून हिशेब सांगणारी लेक असेल, किंवा चाळीस वर्षे वही लिहिणारे दिवाणजीही असतील. प्रत्येकाला भागीदार करावे असे मी म्हणत नाही. दिवाणजींना निवृत्तीची ठोस तरतूद हवी असेल, पुतण्याला स्वतंत्र काउंटर हवा असेल. पण रिकामा रकाना डोळ्यांसमोर आल्यावाचून तो भरण्याचा विचारही सुचत नाही.

विश्वचषक जिंकल्यानंतर आपल्या मुलींनी एक सुंदर गोष्ट केली. २००५ आणि २०१७ चे अंतिम सामने हरलेल्या मिताली राज आणि झूलन गोस्वामी मैदानात आल्या होत्या. विजेत्या संघाने चषक त्यांच्या हाती दिला. जिंकणाऱ्यांनी आधीच्यांचा हिशेब असा जाहीरपणे मांडला. आठ वर्षे उशिरा का होईना, पण मांडला.

आमच्या घरी तेवढा उशीर होऊ नये असे मला वाटते. भागीदारीपत्राच्या मसुद्यात मी चौथ्या नावासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे. अण्णांनी ती खोडलेली नाही आणि भरलेलीही नाही. मागच्या आठवड्यात उन्हाळी हंगामाच्या खरेदीची बैठक झाली, तेव्हा मात्र त्यांनी माजघराकडे पाहून वहिनीला हाक मारली आणि गादीवर थोडे सरकून बसले. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते.