विश्लेषण : सकाळी सोपी, पावसानंतर अवघड... ऑफ-रोड दुचाकीची वाट आपल्याला झेपेल का, हे कसे ओळखावे?

डांबर सोडून माती, खडक आणि ओढ्यांतून दुचाकी चालवण्याचा ‘ऑफ-रोड’ प्रकार राज्यात चांगलाच रुळला आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. त्याच महिन्यात हरिथ नोहाने डकार रॅलीच्या ‘रॅली-२’ गटात पहिले स्थान मिळवले. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावसारख्या गावात मात्र डांबराबाहेरची दुचाकी हा छंद नाही, तो शेतात जाण्याचा रोजचा मार्ग आहे. हौशी चालक असो वा शेतकरी, दोघांसमोरचा प्रश्न एकच असतो : समोरची वाट आपल्याला झेपेल का?

ऑफ-रोडचे प्रकार कोणते?

मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस या बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यती. एन्ड्युरो आणि रॅली-रेड या मोकळ्या भूभागावरच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धा. ‘ट्रेल रायडिंग’मध्ये मात्र घड्याळ नसते. कच्च्या वाटेने जायचे आणि सुखरूप परत यायचे, एवढाच उद्देश असतो. नवशिक्यासाठी हीच खरी सुरुवात. स्पर्धेतली जोखीम अव्वल चालकांनाही चुकत नाही. डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष (२०१५) याला २०२१ च्या डकारमध्ये गंभीर अपघात झाला होता.

वाटांची प्रतवारी कशी होते?

अमेरिकेतील सार्वजनिक वनांत दुचाकीच्या वाटांवर खुणा असतात : हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. चढ, वळणे, पृष्ठभाग आणि अडथळे पाहून प्रत ठरते. हाच निकष घनसावंगी तालुक्याला लावून पाहता येतो. मुरूम टाकलेला, कोरडा, सपाट शेतरस्ता ही पहिली पायरी. सुटी खडी, बांधावरचे चढ-उतार आणि घोट्याइतक्या पाण्याचा, तळ दिसणारा ओढा ही दुसरी. गोदाकाठची वाळू, उसाच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि चिखल ही तिसरी.

काळ्या मातीत प्रत का बदलते?

मराठवाड्यातील काळ्या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती मोठ्या प्रमाणात असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ती दगडासारखी टणक होते. पाऊस पडला की तीच माती साबणासारखी निसरडी होते. शिवाय ती टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. पुढच्या मडगार्डमध्ये माती दाटली की चाकच फिरत नाही, मग काडीने उकरत बसावे लागते. ऑफ-रोड दुचाकीचे पुढचे मडगार्ड चाकापासून उंच असते ते यासाठीच. थोडक्यात, सकाळी पहिल्या पायरीवर असलेली पाणंद एका सरीनंतर तिसऱ्या पायरीवर जाऊ शकते. त्यामुळे वाट एकदा पाहिली म्हणजे कायमची कळली, असे इथे म्हणता येत नाही.

कोणते कौशल्य कोणत्या पायरीवर लागते?

पहिल्या पायरीवर तीन गोष्टी पक्क्या व्हाव्या लागतात : नजर पुढच्या चाकावर न ठेवता लांब ठेवणे, हाफ क्लचवर संथ चालवणे आणि फूटरेस्टवर उभे राहून तोल सांभाळणे. उभे राहिल्याने गाडी शरीराखाली मोकळी हलते आणि गुडघे सस्पेन्शनचे काम करतात. हँडल घट्ट आवळले तर प्रत्येक धक्का थेट खांद्यापर्यंत पोहोचतो.

दुसऱ्या पायरीवर चढ-उतार येतात. उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा अटकाव वापरावा. क्लच दाबला की तो अटकाव संपतो. चढावर गाडी बंद पडली तरी ती गिअरमध्येच राहू द्यावी, म्हणजे मागचे चाक अडून राहते.

तिसऱ्या पायरीवर थ्रॉटल स्थिर ठेवण्याचा कस लागतो. वाळूत शरीराचा भार थोडा मागे ठेवून वेग टिकवावा लागतो, चिखलात अचानक ब्रेक आणि झटकन वळण दोन्ही टाळावे लागतात. एकट्याने न जाणे हा या पायरीचा पहिला नियम.

गाडी कोणती हवी?

कागदावरचा फरक मोठा आहे. हिरो स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो आणि जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर. एक्सपल्स २०० मध्ये ही उंची २२० मिलिमीटर असून पुढचे चाक २१ इंचांचे आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते. रॉयल एन्फील्ड हिमालयन ४५० ची उंची २३० मिलिमीटर आहे, पण वजन १९६ किलो. चिखलात आडवी झालेली एवढी गाडी एकट्याने उचलणे नवशिक्याला जड जाते. म्हणून सुरुवातीला ताकदीपेक्षा हलकेपणा महत्त्वाचा.

सुट्या मातीवर अडकलेले चाक पुढे मातीचा ढीग साचवते आणि त्यानेही गाडी थांबायला मदत होते. एबीएस चाक अडकू देत नाही, त्यामुळे अशा जागी थांबण्याचे अंतर वाढू शकते. काही गाड्यांत मागच्या चाकाचा एबीएस बंद करण्याची सोय असते, ती याच कारणासाठी. टायरची हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते. मात्र फार कमी केल्यास ट्यूब चिमटते. डांबरावर परतण्यापूर्वी हवा पूर्ववत करणे आवश्यक आहे.

कायदा काय सांगतो?

‘शेतातच तर जायचे आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार जनतेला जाण्या-येण्याचा हक्क असलेली वाट ही सार्वजनिक जागा ठरते. म्हणजे परवाना आणि हेल्मेट गावाच्या पाणंदीवरही लागू. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. राखीव वनात आणि अभयारण्यात विनापरवानगी गाडी घालता येत नाही. खासगी शेतातून जायचे तर मालकाची परवानगी हवी. बांध फुटला, पीक तुडवले गेले तर नुकसान त्याचेच होते. सर्वसाधारण वाहन विमा शर्यतीतील नुकसान भरून देत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

रोजच्या चालकासाठी याचा अर्थ काय?

हौशी चालक अवघड वाट टाळू शकतो, शेतकऱ्याला तो पर्याय नसतो. दूध, खताची गोणी किंवा मागे बसलेले माणूस घेऊन तो तिसऱ्या पायरीची वाट शंभर सीसीच्या गाडीवर पार करतो, तीही बहुधा हेल्मेटशिवाय. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. पाणंद पक्की झाली की वाटेची पायरी खाली येते, हा या योजनेचा सुरक्षेच्या अंगाने होणारा लाभ. तोवर काही गोष्टी चालकाच्याच हाती आहेत : हेल्मेट घालणे, ओझे आणि माणूस एकाच फेरीत न नेणे, चिखलात मागच्याला उतरवणे, तळ न दिसणाऱ्या वाहत्या पाण्यात गाडी न घालणे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील ओढ्या-नाल्यांनी किती वेगाने रूप बदलले, ते सर्वांनी पाहिले आहे.

पाणंदीच्या तोंडाशी हिरवा किंवा काळा फलक नसतो. नुकतेच त्या वाटेने आलेल्या माणसाला विचारणे आणि शंका आल्यास गाडी उभी करून पुढचा टप्पा आधी पायी पाहून येणे, हीच सध्या सर्वांत भरवशाची प्रतवारी आहे.