मुळ्यात कोरलेला स्तूप
देशांतर : साप्ताहिक सदर
– पांथस्थ

भक्तपूरच्या टौमढी चौकात न्यातापोलचे पाच मजली देवालय ज्या पाच टप्प्यांच्या उंच जोत्यावर उभे आहे, त्याच्या पायऱ्यांवर सकाळच्या कोवळ्या उन्हात आमच्या वाटाड्याने आम्हां चौदा प्रवाशांना बसविले आणि एक शब्दही न बोलता खालच्या बाजारातून मातीच्या परळांत लावलेले दही मागवून प्रत्येकाच्या हाती दिले, तेव्हा आमच्यापैकी कित्येकांच्या मुद्रेवर उमटलेली अस्वस्थता मला आजही आठवते. कारण छापील कार्यक्रमपत्रिकेत भक्तपूरच्या वाट्याला अवघी पंचेचाळीस मिनिटे आली होती. त्या दह्याला तेथे ‘जुजु धौ’, म्हणजे दह्यांचा राजा, असे म्हणतात. परळ रिकामे झाल्यावर तो साठीचा नेवार गृहस्थ बोलू लागला. सर्वांत खालच्या पायरीवरचे जयमल्ल आणि फत्ता हे दोन पहिलवान सामान्य माणसाच्या दसपट बळाचे. त्यांच्या दसपट वरचे हत्ती, हत्तींच्या दसपट सिंह, सिंहांच्या दसपट शार्दूल, शार्दूलांच्याही दसपट व्याघ्रिणी आणि सिंहिणी या देवता. आणि या सर्वांहून बलवत्तर अशी जी सिद्धिलक्ष्मी गाभाऱ्यात आहे, तिचे दर्शन पुजाऱ्यांवाचून कोणालाही होत नाही. भूपतींद्र मल्लाने १७०२ साली उभारलेले हे देवालय १९३४ च्या आणि २०१५ च्या, अशा दोन्ही महाभूकंपांतून उभे राहिले. २५ एप्रिल २०१५ च्या दुपारी तो स्वतः याच चौकात होता. “हजुर, मी देवालयाकडे पाहत होतो, घराकडे नाही,” एवढेच तो म्हणाला, आणि पुढे काही क्षण त्याला बोलता आले नाही.

सुशिक्षित माणसाने एकट्याने, हाती नकाशा घेऊन हिंडावे आणि वाटाड्याच्या मागून चालणे हे भित्र्यांचे व आळशांचे काम समजावे, असा एक ग्रह आपल्याकडे रूढ आहे, आणि तारुण्यात मीही तो बाळगला होता. नेपाळ आणि भूतान या दोन हिमालयीन देशांतून सोळा दिवस फिरून आल्यावर तो मी पूर्णपणे सोडला आहे. विशेषतः नेपाळात आपणा मराठी माणसांची एक निराळीच फसगत होते. तेथील पाट्या देवनागरीत असतात. ‘निषेध’ वाचता येते, ‘चोक’ वाचता येते, आणि अक्षर ओळखले म्हणजे मुलूख ओळखला, अशा समाधानात आपण पुढे सरकतो. पाटणच्या दरबार चौकाशेजारी जमिनीच्या पातळीखाली उतरत गेलेल्या दगडी हौदापाशी मी ‘मंगहिटी’ हे नाव बिनचूक वाचले. परंतु नेवारी भाषेत हिटी म्हणजे पाण्याची धार, तिच्या मकरमुखांतून सहाव्या शतकापासून पाणी वाहत आले आहे, आणि ते वाहते ठेवण्याचा बंदोबस्त कोणी केला, हे मला अक्षरांनी सांगितले नसते.

तो बंदोबस्त गुठींचा. एखाद्या देवळाच्या, धर्मशाळेच्या वा पाणवठ्याच्या नावे जमीन लावून द्यावयाची, तिच्या उत्पन्नातून पूजा, दुरुस्ती, वार्षिक यात्रा आणि रथोत्सव चालवावयाचे, आणि त्या कामाची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक कुटुंबांनी वाहावयाची, ही व्यवस्था आपल्या देवस्थान इनामांशी परिचित असलेल्या वाचकाला परकी वाटणार नाही. २०१९ साली नेपाळ सरकारने गुठींसंबंधी नवा कायदा आणू पाहिला, तेव्हा काठमांडूच्या रस्त्यांवर अफाट जनसमुदाय उतरला आणि सरकारला ते विधेयक मागे घ्यावे लागले. भूकंपात जमीनदोस्त झालेला काष्ठमंडप, ज्याच्या नावावरून त्या शहराला नाव मिळाले, तो पुन्हा पारंपरिक रीतीने लाकडातच उभा राहिला, यामागे हीच वृत्ती आहे. आमच्या वाटाड्याचे घराणेही एका लहानशा गुठीचे सभासद होते, आणि वर्षातून एकदा देवळाची दिवाबत्ती व प्रसाद यांची पाळी त्यांच्यावर येई. जो माणूस ज्या वास्तूचा सेवेकरी आहे, त्याच्या तोंडून तिचे वर्णन ऐकावयाला मिळावे, हे भाग्य कोणत्या पुस्तकाने द्यावे?

चितवनविषयी थोडक्यात सांगतो. १९७३ साली स्थापन झालेले ते राष्ट्रीय उद्यान एकशिंगी गेंड्यांचे मोठे आश्रयस्थान असून २०२१ च्या गणनेत नेपाळातील ७५२ गेंड्यांपैकी ६९४ तेथे आढळले. आमच्या थारू वाटाड्याने दोन तासांत जेमतेम दहा वाक्ये उच्चारली असतील. बोटाने दाखविणे आणि ओठांवर बोट ठेवणे हीच त्याची भाषा होती, आणि तीच तेथे योग्य होती.

नेपाळ आणि भूतान यांना आपण शेजारी म्हणतो खरे, पण त्यांच्या सरहद्दी कोठेही एकमेकींना भिडत नाहीत. मध्ये सिक्कीम आणि पश्चिम बंगालचा उत्तर भाग आहे. काठमांडूहून पारोला जाणारे विमान सगरमाथ्याचे, म्हणजे एव्हरेस्टचे, शिखर दाखवीत हे अंतर तासाभरात तोडते. भूमार्गाने जाणाऱ्याला काकडभिट्टा, मेची नदीचा पूल, सिलिगुडी, जयगाव आणि फुन्त्शोलिंगची वेस अशी वाट धरावी लागते. त्या मुलखातूनच उलट्या दिशेने, १९९० नंतरच्या काही वर्षांत, दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषक ल्होत्शांपा लोक घरेदारे आणि नागरिकत्व गमावून भारतातून नेपाळात आले आणि झापा व मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत राहिले. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक झाली. पुढे २००७ पासून बहुतेकांचे पुनर्वसन अमेरिका व इतर देशांत झाले. दोन देश एकाच सहलीत गुंफणाऱ्या आमच्या पत्रिकेत या घटनेला एका ओळीचेही स्थान नव्हते. मी नेपाळात विचारले, तेव्हा वाटाड्याने बराच वेळ सांगितले. भूतानमध्ये विचारले, तेव्हा तिथल्या तरुण वाटाड्याने मान खाली घातली आणि क्षणभराने नदीवरच्या पुलाविषयी बोलू लागला. मी त्याला दोष देत नाही. ज्याचा परवाना आणि उदरनिर्वाह एकाच दप्तरातून येतो, त्याच्या मौनाची किंमत पाहुण्याने ओळखली पाहिजे. परंतु प्रवासी मंडळींना मात्र हा इतिहास निघण्यापूर्वी सांगितला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तरीही भूतानने ज्या एका बाबतीत धैर्य दाखविले, तिची मी मनापासून प्रशंसा करतो. १९७४ साली, राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने, त्या देशाने परदेशी प्रवाशांना दार उघडले ते प्रथमपासूनच बेताने. आज भारतीयाला दर रात्री १,२०० रुपये आणि अन्य बहुतेक देशांच्या प्रवाशाला २०२३ पासून १०० डॉलर इतका कर द्यावा लागतो. आमच्या मंडळींत या कराविषयी बरीच कुरकुर झाली. पण ज्या देशाच्या २००८ च्या राज्यघटनेने साठ टक्के भूमी सदैव वनाच्छादित राहिली पाहिजे असा दंडक घातला, आणि ज्याने गांगखर पुएन्सुम हे ७,५७० मीटरांचे आपले सर्वोच्च शिखर गिर्यारोहकांच्या पावलांपासून अस्पर्श ठेवले, त्याने पाहुण्याकडून दारातच काही मागितले, तर ते रास्तच आहे. आपल्याकडच्या थंड हवेच्या गावांची मे महिन्यातील दशा ज्याने पाहिली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

फो आणि मो या नद्यांच्या संगमावरचा पुनाखाचा झोंग, ज्यात किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी एकाच तटाआड नांदतात, आम्ही पाहिला. पण मला राहून राहून आठवते ती फोब्जिखाची दरी. हिवाळ्यात तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच तेथे उतरतात, आणि येताना व परतताना गांगतेच्या मठाला ते तीन प्रदक्षिणा घालतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. त्यांच्या पंखांना अपाय होऊ नये म्हणून दरीत विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. दुपारी आमच्या वाटाड्याने पत्रिकेतली पुढची दोन ठिकाणे स्वतःच्या जबाबदारीवर रद्द केली आणि आम्हांला पाणथळीच्या कडेला थांबविले. थंडी बोचत होती, काही जण बसमध्ये जाऊन बसले. सूर्य कलल्यावर दूरच्या बांबूच्या खुरट्या बनावरून तो कर्कश, तुतारीसारखा आवाज आला, आणि करड्या पंखांची एक रांग आमच्या डोक्यांवरून खाली उतरली. कोणी छायाचित्र घेतले नाही.

रात्री बुखारीभोवती बसलो असता वाटाड्याने, तिकडच्या रीतीप्रमाणे वाक्याअखेर आदरार्थी ‘ला’ लावीत, विचारले, “काठमांडूत बौद्धनाथाचा स्तूप पाहिलात ना, ला? किती वेळ?” एक तास, असे मी सांगितले. तेव्हा त्याने आपल्या आजोळची, पूर्वेकडच्या त्राशियांग्त्सेची, गोष्ट सांगितली. अठराव्या शतकात लामा नगावांग लोदे नेपाळात गेला, बौद्धनाथ पाहून भारावला, आणि तसाच स्तूप आपल्या गावी बांधावा म्हणून त्याची प्रतिकृती एका मुळ्यात कोरून घेऊन निघाला. वाट लांबची, डोंगरांची. घरी पोहोचेपर्यंत मुळा सुकून आकसला होता. चोर्तेन कोरा बौद्धनाथासारखा आहे आणि तरीही हुबेहूब नाही, त्याचे कारण लोक हेच सांगतात. लामाने मात्र मुळा टाकून दिला नाही; जेवढा आकार त्यात उरला होता, तोच प्रमाण मानून त्याने स्तूप उभारला, आणि आजही दरवर्षी चांद्रवर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला पलीकडच्या अरुणाचलातून डोंगर ओलांडून माणसे त्याला प्रदक्षिणा घालायला येतात.

त्राशियांग्त्से आमच्या पत्रिकेत नव्हते. तेथे जायला किती दिवस लागतील, असे मी त्याला विचारले, तेव्हा त्याने बोटे मोजली नाहीत, बुखारीत आणखी एक लाकूड सरकवले आणि म्हणाला, “घाई नसेल तर सांगतो, ला.”